माळ्यावर सापडलेली छर्ऱ्यांची बंदूक: ओळख कशी पटवावी

गिरगाव, परळ, नायगाव आणि वरळीच्या चाळी एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत आणि त्या निमित्ताने पन्नास-साठ वर्षे न हललेले माळे रिकामे होत आहेत. पितळी घंगाळ, मोडकी पाळण्याची कडी, लग्नातल्या अक्षतांच्या पिशव्या यांच्यामागे कधीकधी जुन्या धोतरात गुंडाळलेली एक लांब, जड वस्तू निघते. घरातील थोरांना तिची ओळख एका वाक्यात सांगता येते: ‘आजोबांची छर्ऱ्यांची बंदूक, इंग्रजांच्या काळातली.’ या वाक्याचा पूर्वार्ध बहुधा खरा असतो. उत्तरार्ध मात्र तपासून पाहावा लागतो, आणि तो कसा तपासावा हा या लेखाचा विषय आहे.

आमच्या घरातही अशीच एक बंदूक होती. १९४२ च्या सुमारास एका गोऱ्या साहेबाने ती आजोबांना दिली, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. ती माझ्या हाती आली तेव्हा ओळख पटवण्याऐवजी मी तिला चकचकीत करण्याचा उद्योग आधी केला. बारीक पॉलिश पेपरने नळीच्या मुळाशी असलेला गंज घासताना त्याखालचा मॉडेलचा आकडाही निघून गेला. गंज गेल्यावर लोखंड उजळले, पण जे वाचायचे होते तेच नाहीसे झाले. म्हणून पुढील सर्व पायऱ्यांमध्ये साफसफाई शेवटी ठेवली आहे, आणि हा क्रम कोणीही बदलू नये असा माझा आग्रह आहे.

पहिली पायरी: ती भरलेली आहे असे समजावे

जुनी एअरगन, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा सोडणारी बंदूक, खेळणे नव्हे. तिच्या नळीत चाळीस वर्षांपूर्वीचा छर्रा अडकलेला असू शकतो आणि स्प्रिंग ताणलेल्या अवस्थेत राहिलेली असू शकते. प्रथम नळीचे तोंड भिंतीकडे किंवा जमिनीकडे करावे, मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवावे आणि चापाला बोट लावू नये.

नळी मुळाशी बिजागरीवर खाली वळवून (‘मोडून’) स्प्रिंग ताणण्याच्या प्रकारात एका हाताने दस्ता मांडीवर घट्ट धरून दुसऱ्या हाताने नळी अगदी सावकाश खाली आणावी. थोड्याच अंतरावर स्प्रिंगचा जोर जाणवू लागला, तर बंदूक ताणलेली नाही असे समजावे आणि नळी तितक्याच सावकाश परत बसवावी. जोर मुळीच जाणवला नाही, तर दोन शक्यता उरतात: स्प्रिंग तुटलेली आहे किंवा ती आधीच ताणलेली आहे. दुसरी शक्यता धोक्याची आहे. नळी मोडलेली असताना चाप ओढला गेला, तर ती झटक्याने वर येते. त्यात बोटे चिरडतात आणि दस्ता त्याच्या ‘मनगटाजवळ’, म्हणजे मुठीने धरण्याच्या बारीक भागाशी, फुटतो. जुन्या बंदुकांमध्ये हे टाळणारी सुरक्षा-खीळ बहुधा नसते. शंका असल्यास नळी बंद करून बंदूक तशीच ठेवावी आणि जाणत्या माणसाकडून ती मोकळी करून घ्यावी. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर सराव केलेल्या जुन्या नेमबाजांपैकी कोणी ओळखीचे असेल, तर असे काम त्यांच्या डोळ्यांदेखत केलेले बरे.

नळीत काही अडकले आहे का, हे पाहण्यासाठी तोंडाकडून लाकडाची बारीक गोल काडी हलकेच आत सरकवावी, ती जिथे थांबते तिथे खूण करावी आणि ते अंतर बाहेरून नळीवर मोजून पाहावे. काडी छर्रा बसण्याच्या जागेच्या अलीकडेच थांबली, तर आत अडथळा आहे. नळी न मोडणाऱ्या, खालचा दांडा ओढून ताणण्याच्या बंदुकांत छर्रा नळीच्या मागच्या फिरत्या तोटीत टाकला जातो. ती तोटी उघडून पाहिल्याशिवाय बंदूक रिकामी आहे असे म्हणू नये. पंपाने हवा भरून ठेवण्याच्या प्रकारात तर हवा कित्येक महिने कोंडलेली राहू शकते.

दुसरी पायरी: नळीचे माप आणि परवाना

नळीचा आतला व्यास, म्हणजे बोअर, हा ओळखीचा पहिला ठोस पुरावा आहे आणि मुंबईत राहणाऱ्या माणसासाठी तो कायद्याचाही प्रश्न आहे. जुन्या इंग्रजी बंदुकांवर ‘नंबर १ बोअर’, ‘नंबर २ बोअर’ किंवा क्वचित ‘नंबर ३ बोअर’ असे कोरलेले आढळते. त्यांचा अर्थ अनुक्रमे .१७७, .२२ आणि .२५ इंच, म्हणजेच ४.५, ५.५ आणि ६.३५ मिलिमीटर. जर्मन बंदुकांवर थेट मिलिमीटरचा आकडा असतो. काहीच लिहिलेले नसेल, तर व्हर्नियर कॅलिपरने तोंडाशी माप घ्यावे किंवा ४.५ मिलिमीटरचा छर्रा मागच्या बाजूने बोटाने बसवून पाहावा. तो घट्ट बसला, तर माप .१७७, सुळकन आत गेला किंवा खुळखुळला, तर .२२ किंवा त्याहून मोठे.

शस्त्र नियम, २०१६ नुसार ज्या हवेच्या बंदुकीचा बोअर ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त आहे किंवा जिची तोंडाशी ऊर्जा २० जूलपेक्षा अधिक आहे, ती परवान्याच्या कक्षेत येते. जुन्या स्प्रिंगच्या .१७७ बंदुका या ऊर्जेच्या बऱ्याच खाली असतात: अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटला, तर ऊर्जा १० जूल होते आणि २० जूल गाठायला तोच छर्रा सुमारे २८३ मीटर वेगाने सुटावा लागतो. .२२ च्या बाबतीत मात्र वेगाचा प्रश्नच येत नाही. व्यासामुळेच ती परवान्याची वस्तू ठरते, मग ती कितीही मरगळलेली असो. ‘तेव्हा परवाना लागत नव्हता’ हे कारण आज पुरेसे नाही. आजोबांची बंदूक नंबर २ बोअरची निघाली, तर पुढची पायरी करण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारणा करावी. वकिलाचा सल्ला घेतला, तर आणखी चांगले.

एक सूचना परवान्याच्या मापात न येणाऱ्या बंदुकांनाही लागू आहे. एअरगन उघडी घेऊन लोकलमध्ये किंवा रस्त्यावर फिरू नये. लांबून तिच्यात आणि खऱ्या रायफलीत फरक दिसत नाही आणि तो समजावून सांगायची वेळ गर्दीच्या फलाटावर येऊ नये.

तिसरी पायरी: अक्षरे वाचणे

आता बंदूक वाचायची. हे काम रात्री करावे, कारण अंधाऱ्या खोलीत टॉर्च लोखंडाला जवळजवळ समांतर धरला की दिवसा न दिसणारी अक्षरे सावल्यांनी उठून दिसतात. गंजाखालची अक्षरे घासून काढू नयेत. टाल्कम पावडर बोटाने चोळून वरची हलकेच पुसली, की खोलगट भागात पांढरी रेघ उरते. त्यावर पातळ ट्रेसिंग पेपर ठेवून मऊ पेन्सिलने आडवे घासले, तर अक्षरांचा ठसा कागदावर उतरतो. मोबाइलने फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवावा आणि प्रत्येक फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवावी, म्हणजे नंतर अक्षरांची उंचीही मोजता येते.

कुठे पाहावे याची सवय नसली, की निम्मी अक्षरे नजरेतून सुटतात. सिलिंडरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या नळकांड्याच्या, पाठीवर कंपनीचे नाव असते, नळी जिथे मोडते त्या चौकोनी भागावर मॉडेल किंवा व्यास असतो. चापाच्या कडीच्या मागे, नळीच्या पोटाकडे, दस्त्याच्या मनगटावर आणि मागच्या पाटीवरही पाहावे. जर्मन डायनाच्या कित्येक युद्धोत्तर बंदुकांवर सिलिंडरच्या मागच्या टोकाला, डाव्या बाजूला, महिना आणि वर्ष यांचे छोटे अंक ठोकलेले असतात आणि ते अनुक्रमांक समजून लोक सोडून देतात. दस्ता काढता येत असेल, तर त्याच्या आतल्या खाचेत पेन्सिलने लिहिलेले आकडेही मिळतात. मात्र दस्त्याचे स्क्रू जाम असतील, तर बळजबरी करू नये. चेपलेल्या स्क्रूचे डोके जाणत्याला लगेच दिसते आणि बंदुकीची किंमत तिथेच उतरते.

जे वाचता येईल ते जसेच्या तसे वहीत उतरवावे. विरामचिन्ह, अक्षरामागची टिंबे, वर्तुळ, षटकोन, सारे. अर्थ नंतर लावता येतो.

चौथी पायरी: यंत्रणेवरून घराणे ठरवणे

नाव पुसलेले असले, तरी यंत्रणा बोलते. सर्वांत सामान्य घराणे म्हणजे नळी मोडून ताणण्याचे. जर्मनी, इंग्लंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत, सर्व ठिकाणी ते बनले, त्यामुळे केवळ त्यावरून काहीच ठरत नाही.

दुसरे घराणे अधिक बोलके आहे. नळी स्थिर, तिच्या खाली समांतर एक दांडा, तो खाली ओढून स्प्रिंग ताणायची आणि छर्रा फिरत्या तोटीत टाकायचा. बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफ्रीज यांनी या रचनेचे पेटंट १९०४ मध्ये घेतले आणि १९०५ पासून बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजे बी.एस.ए., या कंपनीने अशा बंदुका बनवायला घेतल्या. सायकल आणि मोटारसायकलमुळे हे नाव मुंबईकरांना ओळखीचे आहे. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली हे तिचे चिन्ह आहे आणि जुन्या बंदुकांच्या दस्त्यावर मनगटाजवळच्या चौकटीनक्षीत ते दाबलेले असते. हात फिरवून झिजलेल्या दस्त्यावर डोळ्यांपेक्षा अंगठ्यानेच ते आधी सापडते. महायुद्धानंतरची बी.एस.ए. याहून वेगळी आहे: एअरस्पोर्टर १९४८ मध्ये आली आणि तिचा दांडा लाकडात दडलेला असतो, तर मिटिऑर १९५९ मध्ये आली आणि ती नळी मोडण्याची साधी बंदूक आहे.

तिसरे घराणे आता क्वचित दिसते. अष्टकोनी नळी, छोटेखानी बांधा आणि हवेचा सिलिंडर चापाच्या पुढे नसून थेट दस्त्याच्या मनगटात बसवलेला. संग्राहक याला ‘जेम’ प्रकार म्हणतात. हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी व विसाव्याच्या आरंभी खपला. असे काही हाती लागले, तर पुढची कोणतीही प्रयोगशीलता थांबवावी आणि तेलाचा थेंबही न टाकता बंदूक कापडात ठेवून द्यावी.

पिस्तुलांमध्ये वेब्ली ओळखायला सर्वांत सोपे आहे. नळी सिलिंडरच्या वर बसलेली असते आणि ती मागून उचलून पुढच्या बिजागरीवर पूर्ण उलटी फिरवून स्प्रिंग ताणायची असते. हे पिस्तूल १९२४ मध्ये बाजारात आले.

नळीच्या आतही पाहावे. उजेडाकडे धरल्यावर पीळदार खाचा दिसल्या, तर ती रायफल आहे. आत आरशासारखी गुळगुळीत असेल, तर ती स्वस्त किंवा जत्रेची बंदूक असण्याची शक्यता वाढते. माहीमच्या जत्रेत किंवा चौपाटीवर फुगे फोडायला ज्या बंदुका असत, त्यातल्या बऱ्याच पुढे विकल्या गेल्या. त्यांची माशी (नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असलेला उंचवटा) वाकलेली किंवा तोडलेली असते, दस्त्यावर असंख्य ठेचा असतात आणि क्वचित पोटाकडे साखळी अडकवण्यासाठी नंतर जोडलेली कडी असते. तुमची बंदूक अशी निघाली, तर नाराज होऊ नये. मुंबईच्या जत्रांचा एवढा धडधडीत अवशेष दुसरा मिळायचा नाही.

पाचवी पायरी: चिन्हे आणि देशांची नावे

चिन्हांपैकी एक सर्वांत जास्त फसवते: हाती बंदूक उंचावलेली आणि धनुष्य फेकून देणारी देवी. ही डायना, जर्मनीतील राष्टाट येथील मायर अँड ग्रॅमेल्स्पाखर या कंपनीचे चिन्ह. कंपनीची स्थापना १८९० ची. देवी दिसली की लोक ‘जर्मन, युद्धापूर्वीची’ असा निकाल देतात. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर या कंपनीची यंत्रसामग्री आणि डायना हे नाव ब्रिटनकडे गेले आणि स्कॉटलंडमधील मदरवेल येथील मिलब्रो कंपनी त्याच नावाने बंदुका बनवू लागली. जर्मन कारखाना १९५० च्या सुमारास पुन्हा उभा राहिला, तेव्हा त्याला ब्रिटनमध्ये आपल्याच नावाने विकता येईना, म्हणून तिथे त्याने ‘ओरिजिनल’ हे नाव घेतले. म्हणून देवीच्या जवळ देशाचे नाव काय आहे, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. ‘मेड इन ग्रेट ब्रिटन’ असेल, तर ती मिलब्रोची आणि अर्थातच युद्धानंतरची. आमच्या आजोबांच्या बंदुकीवर सिलिंडरच्या पाठीवर पावडर चोळल्यावर नेमके हेच शब्द उमटले आणि १९४२ च्या साहेबाची कथा तिथेच डळमळली.

जर्मनीचे नाव कसे लिहिले आहे, हेही कालमापनाचे चांगले साधन आहे. ‘वेस्टर्न जर्मनी’ किंवा ‘वेस्ट जर्मनी’ असे शब्द १९४९ ते १९९० या काळातलेच असू शकतात. ‘डी.आर.पी.’ आणि ‘डी.आर.जी.एम.’ ही अक्षरे जर्मन साम्राज्यकाळापासून चालत आलेल्या पेटंट व नोंदणीची आहेत आणि ती युद्धापूर्वीच्या वस्तूंकडे बोट दाखवतात. पंचकोनात ‘एफ’ हे अक्षर असेल, तर बंदूक १९७० किंवा त्यानंतरची. साडेसात जूलपर्यंतच्या बंदुकांसाठी पश्चिम जर्मनीत ते चिन्ह तेव्हापासून सक्तीचे झाले. ढालीच्या आकारात ‘एफ.एल.झेड.’ असेल, तर ती लांगेनहान या जर्मन कंपनीची. गावाचे नाव जोडून ‘झेला-मेहलिस’ असे लिहिलेले असेल, तर ती १९१९ नंतरची, कारण त्या साली झेला आणि मेहलिस ही दोन गावे एक झाली. ‘हेनेल’ आणि ‘झूल’ ही नावे एकत्र असतील, तर ती थुरिंगियातल्या शस्त्रगावची वस्तू आहे आणि युद्धानंतर तो भाग पूर्व जर्मनीत गेला. ‘स्लाविया’ हे चेकोस्लोव्हाकियाचे नाव. त्या देशाचे नाव कोरलेली बंदूक १९९३ पूर्वीची.

सहावी पायरी: आपल्याकडच्या बंदुका

स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली आणि जर्मन-इंग्रजी बंदुका दुर्मीळ झाल्या, तेव्हा इकडे त्यांच्या आवृत्त्या निघू लागल्या. त्यांतील एका नावाचा मुंबईशी थेट संबंध आहे. बंदुकीवर ‘आय.एच.पी.’ ही अक्षरे असतील, तर ती वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीची. सिमेंटचे पाइप बनवणाऱ्या कंपनीने एअर रायफली बनवल्या, हे ऐकून पुष्कळांना गंमत वाटते, पण तिच्या रायफली नेमबाजी शिकणाऱ्या कित्येक मुलांच्या हातात होत्या.

याशिवाय लहान कारखान्यांनी केलेल्या नकला पुष्कळ आहेत. उल्हासनगरच्या ‘मेड इन यू.एस.ए.’ चा विनोद आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. बंदुकांच्या बाबतीतही त्याचे भाऊबंद आढळतात. नकलेची ओळख अक्षरांत असते. कारखान्यातला ठसा एका दाबात उठतो, म्हणून त्याची खोली सारखी असते. हाताने एकेक अक्षर ठोकलेले असेल, तर ओळ वरखाली जाते आणि एखादे अक्षर तिरके पडते. इंग्रजी स्पेलिंगही तपासावे. दस्ता अक्रोड किंवा बीचऐवजी शिसवीचा किंवा आंब्याच्या लाकडाचा असेल, लोखंडाला निळसर-काळी छटा (ब्लूइंग) चढवण्याऐवजी काळा रंग मारलेला असेल, चापाच्या खोबणीत वेल्डिंगचा ढेकूळ दिसत असेल, तर वस्तू इकडची. येथे एक सावधगिरी बाळगावी: परदेशी बंदुकीचा मोडलेला दस्ता इकडे बदलून घेण्याचीही पद्धत होती, त्यामुळे लाकडावरून लोखंडाचा निकाल लावू नये.

सातवी पायरी: कागद, डबे आणि पत्ते

बंदुकीसोबत जे काही गुंडाळलेले असते, ते कचऱ्यात टाकू नये. माझ्या अनुभवात वर्ष ठरवण्याचे सर्वांत पक्के पुरावे तिथेच मिळतात आणि ते वाचायला शस्त्रांचे नव्हे, मुंबईचे ज्ञान लागते.

दुकानदाराची पावती, दस्त्यावरची छोटी पितळी पट्टी किंवा डब्यावरचा शिक्का यांवर पत्ता असतो. पत्ता ‘बॉम्बे २’ किंवा ‘बॉम्बे ४’ अशा एक-दोन अंकी टपाल विभागाने संपत असेल, तर तो पिनकोड येण्यापूर्वीचा, म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचा असण्याची शक्यता दाट आहे. ४०० ००२ असा सहा अंकी आकडा असेल, तर तो त्यानंतरचा. विभागाचे जुने अंकच पिनकोडच्या शेवटी आले, त्यामुळे दुकान कोणत्या भागात होते तेही कळते: २ म्हणजे काळबादेवी, ४ म्हणजे गिरगाव. ‘बॉम्बे’ या शब्दावर मात्र फार विसंबू नये. १९९५ मध्ये नाव बदलल्यावरही अनेक दुकानांनी जुने शिक्के वर्षानुवर्षे वापरले.

किंमत कशात लिहिली आहे, ते पाहावे. रुपये, आणे, पै असतील, तर पावती बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ किंवा त्याचे संक्षिप्त रूप असेल, तर काळ १९५७ ते १९६४ असा आवळता येतो. १९६४ मध्ये ‘नये’ हा शब्द गळला. जुने दुकानदार काही काळ दोन्ही पद्धती शेजारी शेजारी लिहीत, हे ध्यानात ठेवावे.

गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचा उपयोग उलट दिशेने होतो. त्यावरची तारीख बंदूक विकत घेतल्याची नसते, ती शेवटची बांधून ठेवल्याची असते. तरीही ती टिपून ठेवावी, कारण त्यानंतर बंदूक हाताळली गेली नाही एवढे तिच्यावरून कळते. तारखेचा कोपरा फाटलेला असला, तरी वर्तमानपत्राचे नाव उपयोगी पडते: महाराष्ट्र टाइम्स १९६२ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याचे पान त्याआधीचे असूच शकत नाही.

छर्ऱ्यांचे डबेही पाहावेत. ‘ईली वॉस्प’ किंवा बी.एस.ए.चे ‘पायलार्म’ अशा नावांचे टिनाचे डबे संग्राहक स्वतंत्रपणे जपतात. डबा उघडल्यावर आत पांढरी भुकटी दिसली, तर ती शिशाची बुरशी, म्हणजे शिशाची विषारी संयुगे आहेत. ती फुंकू नये, डबा स्वयंपाकघरात आणू नये आणि हात साबणाने धुवावेत.

आमच्या बंदुकीच्या धोतराच्या घडीत काळबादेवीच्या एका दुकानाची पावती होती. पत्ता ‘बॉम्बे २’, रक्कम रुपये आणि नये पैशांत. म्हणजे खरेदी १९५७ ते १९६४ या सात वर्षांतली. गोरा साहेब तोवर जाऊन दहा वर्षे तरी झाली होती. आत्याला ही पावती दाखवल्यावर तिने शांतपणे सांगितले की आजोबांनी ती गिरणीच्या बोनसमधून घेतली होती आणि आजीचा राग टाळण्यासाठी साहेबाची गोष्ट त्यांनीच रचली होती.

आठवी पायरी: न जुळणारे भाग

आतापर्यंतचे पुरावे एकमेकांशी ताडून पाहावेत. नियम साधा आहे: जो भाग मूळचा आहे आणि सर्वांत उशिराचा आहे, त्याच्याहून बंदूक जुनी असू शकत नाही. अडचण मूळचा कोणता आणि नंतरचा कोणता, हे ठरवण्यात येते. फुलीचे तोंड असलेला स्क्रू पहिल्या महायुद्धापूर्वीच्या बंदुकीत असेल, तर तो दुरुस्तीचा आहे. प्लास्टिकची माशी, दुर्बीण बसवण्यासाठी सिलिंडरच्या पाठीवर कोरलेल्या खाचा, रबरी पाटी या गोष्टी मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बंदुकांत येतात. एकाच ठिकाणचा रंग बाकीच्यापेक्षा गडद असेल, स्क्रूच्या भोकाशेजारी बुजवलेले दुसरे भोक असेल किंवा लाकूड आणि लोखंड यांच्यात नखभर फट असेल, तर तो भाग दुसऱ्या बंदुकीतून आलेला असू शकतो.

मॉडेलचा आकडा नाहीसा झालेला असेल (माझ्यासारख्या कर्तबगारीमुळे असो किंवा गंजामुळे), तर एकूण लांबी, नळीची लांबी, सिलिंडरचा बाहेरचा व्यास आणि वजन ही चार मापे घ्यावीत. एकाच कंपनीची दोन मॉडेले दिसायला सारखी असली, तरी या चारही मापांत सारखी नसतात. जुन्या जाहिराती आणि कॅटलॉगांमध्ये ही मापे छापलेली असतात. आमची बंदूक शेवटी मापांवरूनच २५ क्रमांकाची ठरली.

चोरबाजारात मटण स्ट्रीटला अशी बंदूक विकत घेण्याचा मोह झाला, तर हीच पायरी उभ्या उभ्या करावी लागते. तिथे जोडून केलेल्या बंदुका सर्रास असतात आणि विक्रेत्यालाही ते ठाऊक असतेच असे नाही. बोअर आधी मोजावा, तो ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल, तर वस्तू कितीही देखणी असली तरी परत ठेवावी.

नववी पायरी: साफसफाई आणि पावसाळा

ओळख लिहून झाल्यावरच हात लावावा, तोही हलका. सुती फडक्यावर शिलाई मशिनच्या तेलाचे दोन-चार थेंब घेऊन लोखंड पुसावे, एक दिवस ठेवावे आणि पुन्हा पुसावे. भुरकट गंज याने सुटतो. तपकिरी, घट्ट बसलेली जुनी छटा ठेवावी. ती वयाची खूण आहे. पॉलिश पेपर, तारेचा काथ्या आणि ॲसिड यांना घरात बंदी असावी. लाकडावर वॉर्निश मारू नये.

आतल्या भागाचा नियम वेगळा आहे. दट्ट्याच्या पुढे, जिथे हवा दाबली जाते, तिथे पातळ खनिज तेल टाकू नये. दाबाने तापलेल्या हवेत ते पेटते, मोठा आवाज होतो, धूर निघतो आणि स्प्रिंग व वायसर दोन्ही खराब होतात. जुन्या बंदुकांत वायसर कातड्याचा असतो आणि तो सुकून कडक झालेला असतो. त्याला नीट्सफूट तेलाचे (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले, कातडे मऊ ठेवणारे तेल) दोन थेंब देऊन बंदूक रात्रभर नळी वर करून ठेवावी. घरोघरी हाताशी असते म्हणून लोक खोबरेल तेल घालतात. ते कालांतराने चिकट होते आणि खवटते, म्हणून टाळावे. कातड्याचा वायसर पूर्ण गेला असेल, तर नमुना घेऊन धारावीत कातडीकाम करणाऱ्याकडे जाता येते. स्प्रिंग स्वतः काढू नये. ती मोकळ्या अवस्थेतही दाबून बसवलेली असते आणि शेवटचा स्क्रू सुटताच मागचा भाग छातीवर येऊ शकतो. छर्रा न घालता चाप ओढून पाहण्याचा मोहही आवरावा, कारण हवेची गादी नसल्याने दट्ट्या थेट लोखंडावर आदळतो.

जून ते सप्टेंबर या काळात मुंबईच्या हवेत लोखंड एका रात्रीत लालसर होते. रेक्झिनच्या किंवा फोमच्या पिशवीत बंदूक ठेवू नये, त्यात ओल कोंडते. सुती कापडात सैल गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह, भिंतीला न टेकवता आडवी ठेवावी आणि महिन्यातून एकदा तेलाच्या फडक्याने पुसावी. पक्षी हे तिचे लक्ष्य कधीच असू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो केवळ आवडीनिवडीचा विषय उरलेला नाही.

शेवटी एका जाड कार्डावर नोंद करावी आणि ती बंदुकीच्या कापडातच दोऱ्याने बांधून ठेवावी: वाचलेली अक्षरे, चार मापे, बोअर, पावतीची प्रत, कोणता भाग बदललेला वाटतो आणि घरात कोणी काय सांगितले. शेवटच्या रकान्यात सांगणाऱ्याचे नाव आणि तारीखही हवी. आमच्या कार्डावर त्या रकान्यात दोन ओळी आहेत. पहिली आजोबांची, साहेबाची. तिच्या खाली आत्याची, गिरणीच्या बोनसची. पहिली खोडलेली नाही.